मिरीने जग हलवले, बागायतदाराच्या हाती काय आले?

शेतकरी बंधूंनो, तुमच्या माडा-पोफळीवर चढलेला मिरवेल साधासुधा समजू नका. याच्या घोसांसाठी शतकानुशतके गलबते समुद्र ओलांडून आली, लढाया झाल्या, राज्ये उलथली. ही कथा केरळच्या मलबार किनाऱ्याची. पण तिच्यातला धडा आपल्या कोकणातल्या बागायतदारालाही लागू पडतो.

वाऱ्यावरचा व्यापार

मलबारच्या डोंगरउतारावर पिकलेली मिरी नद्यांतून होड्यांनी बंदरात यायची. पेरियार नदीच्या मुखाजवळचे मुझिरिस हे त्यातले नामांकित बंदर. रोमन अमलातल्या इजिप्तमधून गलबते जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर मलबार गाठत आणि थंडीत वारा फिरला की मिरी भरून परतत. म्हणजे ज्या वाऱ्याने आपल्याकडे पाऊस येतो, त्याच वाऱ्यावर हा धंदा चाले.

तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या जुन्या बंदरात उत्खनन झाले, तेव्हा भारतीय रांजणात ठेवलेली सुमारे साडेसात किलो काळी मिरी मिळाली. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तर कुरकुरतो, की भारत दरसाल किमान ५ कोटी नाणी ओढून नेतो. या मालावर रोमन सरकार २५ टक्के जकात घेई. इ. स. ४०८ मध्ये गॉथ राजा अलारिक याने रोमला वेढा घातला, तेव्हा सोन्या-चांदीबरोबर ३,००० पौंड मिरी मागितली. आता बोला!

तोफा आल्या, दर बांधला गेला

पुढे अरब व्यापाऱ्यांनी कालिकत गजबजवले. १४९८ च्या मे महिन्यात वास्को द गामा तिथे पोचला आणि चित्र पालटले. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी कोचीत किल्ला बांधला. समुद्रावर त्यांचा परवाना नसेल तर गलबत जप्त! मिरीचा दर राजांशी करार करून बांधून घेतला. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली, पण रीत तीच. माल आम्हालाच द्या, तोही आम्ही म्हणू त्या दराने. आपल्या वेंगुर्ल्यातही या डचांची वखार होती.

मग बागायतदार गप्प बसला का? छे! बांधलेला दर परवडेना, तेव्हा बरीच मिरी घाट ओलांडून चोरवाटेने तमिळ मुलखात जाऊ लागली. १७४१ मध्ये त्रावणकोरच्या मार्तंड वर्मा राजाने कोळाचेलला डचांना हरवले. पण नंतर त्यानेही मिरीची मक्तेदारी सरकारकडेच ठेवली. धनी बदलला, दर ठरवणारा मात्र दुसराच राहिला.

आपण काय घ्यावे?

ज्याच्याकडे वखार, गलबत आणि बाजाराची खबर, त्याच्याच हाती दर. पिकवणाऱ्याने नुसते पिकवले. आज मिरी उत्पादनात व्हिएतनाम जगात पुढे आहे, म्हणजे स्पर्धा वाढलीच आहे. ओली मिरी घाईने विकली तर तोटा आपलाच.

घोसातले एक-दोन दाणे लाल झाले की काढणी करा. दाणे उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा, म्हणजे लवकर वाळतात आणि रंग एकसारखा काळा येतो. शेणाने सारवलेल्या खळ्यापेक्षा स्वच्छ चटई किंवा सिमेंटचा ओटा बरा. ओल्या तीन किलोंपासून साधारण एक किलो सुकी मिरी मिळते, हा हिशेब व्यापाऱ्याकडे जाण्याआधीच करून ठेवा.

चांगली वाळवलेली मिरी टिकते, म्हणून दर पडला तर थांबता येते. एकट्याला ते जड जाते. तेव्हा सरपंच आणि सोसायटीच्या कारभाऱ्यांनी गावात सामाईक ओटा, वजनकाटा आणि कोरडी कोठी यांचा विचार जरूर करावा. वखार आपली झाली, की दराची बोलणीही आपल्याला करता येतील.