जुनी गाडी आणि इंजिनाचा ऐब : खोलण्याआधी तपासा

व्यापारी माणसाला माल पारखण्याची सवय असते. कापडाचा तागा हाती आला की आम्ही तो उजेडासमोर धरतो, किनार ओढून पाहतो, चार वार उलगडून आतला भाग तपासतो. कारण वरची घडी नेहमीच चांगली असते. परंतु हाच व्यापारी जुनी गाडी घ्यायला जातो, तेव्हा रंग पाहतो, टायर पाहतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो. आम्हीही हेच केले. त्यात जे शिकलो ते व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखप्रपंच.

साक्रीत आमचे कापडाचे दुकान आहे. पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर येथील बाजारांना माल न्यावा लागतो आणि लग्नसराईपूर्वी सुरतेची खेप असते. डिसेंबर २०१८ मध्ये आम्ही दहा वर्षे वापरलेली एक डिझेल पिकअप दोन लाख दहा हजार रुपयांस घेतली. निम्मी रक्कम गाठीची होती, निम्मी नातेवाइकांकडून उसनी.

दोन महिने ठीक गेले. फेब्रुवारीत सुरतेहून माल भरून परतताना विसरवाडी सोडली, कोंडाईबारीचा घाट लागला आणि अर्ध्या चढावर गाडीने दम सोडला. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, पण गाडी पुढे सरकेना. रात्रीचे अकरा वाजलेले, मागे ट्रकांची रांग. गाडी चालवणाऱ्या आमच्या पुतण्याने ती कशीबशी कडेला घेतली. वीस मिनिटांनी सुरू केली तर पुन्हा चढू लागली. मैलभराने पुन्हा तेच. त्याच आठवड्यात लक्षात आले की रेडिएटरमधील पाणीही रोज कमी होते आहे.

जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवले. उत्तर एका दमात मिळाले, “शेठ, इंजिन गेलं. फुल काम करावं लागेल.” खर्चाचा अंदाज पंचावन्न हजार. लग्नसराई तोंडावर आलेली, आणि तेवढ्या पैशात आमची मालाची एक खेप होते. तरीही आम्ही होकार देण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात एका स्नेह्याने धुळ्यातील एका जुन्या डिझेल मिस्त्रीकडे नेले. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “भाई, तक्रारी दोन आहेत, मग दुखणं एकच कशावरून? आधी दोन्ही वेगळ्या करा. इंजिन खोलायला कितीसा वेळ लागतो? पण एकदा खोललं की आधी काय होतं, ते कळत नाही.”

या लेखाचे सार म्हणाल तर एवढेच आहे. आता तपशील.

पहिली तक्रार : चढावर दम सुटणे

उस्तादांनी प्रथम धुराबद्दल विचारले. गाडी अडली तेव्हा काळा धूर निघत नव्हता. डिझेल भरपूर आणि हवा कमी असेल तर धूर काळा येतो. धूर नाही आणि जोरही नाही, याचा अर्थ बहुधा डिझेलच पुरेसे पोहोचत नाही. दुसरी खूण विश्रांतीची. झिजलेले इंजिन वीस मिनिटे उभे राहून बरे होत नाही. टाकीतील गाळ मात्र गाडी चालू असताना जाळीवर ओढला जातो आणि गाडी थांबली की खाली बसतो. म्हणून थोडा वेळ सारे सुरळीत वाटते.

अंदाजावर न थांबता त्यांनी कसोटी घेतली. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा डबा मागच्या हौद्यात पक्का बांधला. टाकीचा पाइप सोडवून पारदर्शक नळीने डबा जोडला आणि परतीचा पाइपही त्याच डब्यात सोडला. मग माल भरलेली गाडी लळिंगच्या घाटात नेली. गाडी न अडता चढली. म्हणजे इंजिन आणि पंप शाबूत. दोष टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या वाटेत. टाकी उतरवली तर तळाशी चिखलासारखा गाळ आणि गंजाचे पापुद्रे. शिवाय एक रबरी पाइप तडकून हवा ओढत होता. टाकी धुतली, जाळी साफ केली, फिल्टर आणि पाइप बदलला, एअर काढली. एकूण खर्च एकोणीसशे रुपये.

दुसरी तक्रार : पाणी कमी होणे

येथे मात्र दुखणे खरे होते. आधी बाहेरची गळती पाहिली. होज पाइप, वॉटर पंप, रेडिएटर, सारे कोरडे. मग सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली. रेस वाढवताच पाण्यात बुडबुडे येऊ लागले. सिलिंडरमधील दाब पाण्याच्या वाटेत शिरत होता. म्हणजे हेड गॅसकेट फुटले होते. ऑइल मात्र स्वच्छ होते. ऑइल दुधाळ झाले नाही म्हणून गॅसकेट चांगले, असे समजू नये. ते कोणत्या बाजूस फुटले यावर सारे अवलंबून असते. (गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.)

हेड उतरवून लेथवर तपासले. किंचित वाकले होते, म्हणून घासून सपाट करून घेतले. आता सिलिंडरही समोर दिसत होते. त्यांत खोल ओरखडे नव्हते, वरच्या काठाशी झिजेची पायरी नव्हती. बोअर-पिस्टनचे काम लागलेच नाही. खर्च साडेअकरा हजार.

दोन्ही मिळून तेरा हजार चारशे. पंचावन्न हजारांच्या जागी! उलट, पहिले दुखणे स्वस्तात गेले म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले असते, तर इंजिन तापून हेडला तडा जाण्याची भीती होती. म्हणून घाईने इंजिन खोलणे जसे वाईट, तसे ‘चालते आहे तोवर चालू द्या’ म्हणणेही वाईट.

धुराचे तीन रंग

काळा धूर : एअर फिल्टर बुजलेला, नोझल खराब किंवा पंपाचे टायमिंग बिघडलेले. प्रथम एअर फिल्टर पाहावा. ते सर्वांत स्वस्त काम.

निळसर धूर : ऑइल जळते आहे. रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना एकच भपका आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. सतत येत असेल आणि भार पडल्यावर वाढत असेल, तर पिस्टन-रिंग किंवा बोअर. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोची सीलही तपासावी.

पांढरा धूर : थंडीत पहिली काही मिनिटे वाफ येणे साहजिक आहे. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेट. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा असेल, तर ग्लो प्लग, नोझल किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन.

बयाणा देण्यापूर्वी

१. गाडी थंड असताना पाहावी. बॉनेटवर हात ठेवून पाहा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे.

२. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का आणि ऑइल दुधाच्या चहासारखे झाले आहे का, ते पाहावे. ऑइल नुकतेच बदललेले आणि फार जाड वाटले, तर सावध. जाड ऑइलने धूर आणि आवाज काही दिवस दबतो.

३. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. थोडी हवा येणारच; पण भात्यासारखे फुत्कार येत असतील, तर रिंगा झिजल्या आहेत.

४. भार टाकून चढावर चालवावी. सपाट रस्त्यावरच्या दोन किलोमीटरांत काहीच कळत नाही.

५. शंका राहिली तर कॉम्प्रेशन गेज लावून घ्यावे. सगळ्या सिलिंडरांचे आकडे जवळपास हवेत. एकाच सिलिंडरचा आकडा बराच खाली असेल, तर भाव पुन्हा ठरवावा किंवा सौदा सोडावा.

नवी आणि निराळी इंजिने

१ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. ६ गाड्या आल्या. कॉमन रेल पद्धतीच्या या डिझेल इंजिनांत डिझेलचा दाब हजार बारहून अधिक, म्हणजे टायरमधील हवेच्या शेकडो पट असतो. जुन्या इंजिनावर मिस्त्री नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते ओळखत. येथे तसे मुळीच करू नये. डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. अशा गाडीला प्रथम स्कॅनर लावावा.

आपल्याकडील काही तरुण आखातात नोकरीस आहेत. तेथे जुन्या स्पोर्ट्स कारचा मोह पडतो, आणि त्यांत रोटरी इंजिनाच्या माझदा गाड्याही असतात. आर.एक्स. ८ ही २००३ ते २०१२ या काळात बनली. जर्मन अभियंता फेलिक्स वँकेल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इंजिनात पिस्टन नसतो. तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या टोकांवरील सीलना वंगण मिळावे म्हणून थोडे ऑइल मुद्दाम जाळले जाते. म्हणून ऑइल कमी होणे हा तेथे ऐब नव्हे. ते न पाहता गाडी चालवणे हा ऐब. झीज झाल्याची खूण निराळी आहे. थंड असताना सुरू होणारी गाडी गरम झाल्यावर सुरू होण्यास कुरकुर करते. रोटरला तीन बाजू असतात आणि साधे गेज त्यांपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दाखवते. तिन्ही आकडे देणारे खास गेज लावल्याखेरीज अशी गाडी घेऊ नये. इंजिन कोणतेही असो, आधी त्याची जात ओळखावी आणि मग दोष काढावा.

शेवटी हिशेबाची एक गोष्ट. २०२२ साली आम्ही ती पिकअप विकली, तेव्हा टाकीच्या आणि हेडच्या कामाच्या पावत्या घेणाऱ्याच्या हाती दिल्या. त्याने त्यावरून पाच हजार कमी केले. आम्ही ते मान्य केले. तागा विकताना आतला डाग आम्ही गिऱ्हाइकाला दाखवतो आणि तेवढी सूट देतो. मग गाडीला निराळा कायदा कशाला?