निळे पाणी, तपकिरी वायू : तांब्याच्या नायट्रेटचे रसायन

अल अझीझिया (कतार) : आखातातील मराठी घरांत जपून ठेवलेल्या बांगड्या, पाटल्या आणि मंगळसूत्रे बहुधा २२ कॅरेट सोन्याची असतात. या सोन्याच्या १०० भागांत सुमारे ९१.६ भाग शुद्ध सोने असते. उरलेला भाग प्रामुख्याने तांबे व चांदी यांचा. जुना दागिना मोडीत निघतो तेव्हा त्यातील सोने पुन्हा शुद्ध करायचे असेल, तर हे तांबे आणि ही चांदी वेगळी काढावी लागते. त्यासाठी चालत आलेला एक मार्ग नायट्रिक आम्लाचा आहे. त्या मार्गाने गेलेले तांबे ज्या रूपात बाहेर पडते ते म्हणजे कॉपर नायट्रेटचे निळे द्रावण.

भारतात हे काम अनेक पिढ्या ज्यांच्या हाती राहिले, त्यांत सांगली जिल्ह्यातील विटा आणि खानापूर-आटपाडी परिसरातील गलाई व्यावसायिकांचे स्थान मोठे आहे. कमी पावसाच्या या प्रदेशातून माणसे बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय घेऊन देशभरातील सराफ बाजारांत स्थिरावली. त्यांच्या भट्टीशेजारी रोज तयार होणाऱ्या कॉपर नायट्रेटला रसायनशास्त्राच्या इतिहासात एक वेगळेच महत्त्व आहे. धातूचे नायट्रेट वाफ होऊन उडू शकते, ही अनपेक्षित गोष्ट याच संयुगाने १९५८ साली सिद्ध केली. मात्र कारखान्यातील नायट्रेट तसे उडत नाही. तेथे जे उडते ते दुसरेच असते आणि ते श्वासावाटे फुप्फुसात जाते. एकाच संयुगाची ही दोन रूपे समजून घेतली, म्हणजे आम्लाच्या भांड्यापाशी नेमका धोका कोठे आहे, हेही समजते.

भांड्यात काय घडते

सोन्यावर नायट्रिक आम्लाचा परिणाम होत नाही. तांबे व चांदी मात्र त्यात विरघळतात. दागिन्यात सोन्याचे प्रमाण जास्त असेल तर सोन्याचे कण तांब्या-चांदीला झाकून टाकतात आणि आम्ल आतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून मुशीत आधी जास्तीची चांदी मिसळून सोन्याचा वाटा सुमारे एक चतुर्थांशावर आणतात, मग त्या मिश्रधातूवर आम्ल घालतात. तळाशी तपकिरी भुकटीसारखे सोने उरते. वरच्या द्रावणात चांदीचे व तांब्याचे नायट्रेट असते.

या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवली की चांदी सुटी होऊन खाली बसते आणि पट्टीचे तांबे तिची जागा घेते. शालेय पुस्तकात शिकवली जाणारी विस्थापन अभिक्रिया ती हीच. हिशेबाने एक ग्रॅम तांबे सुमारे ३.४ ग्रॅम चांदी मोकळी करते. चांदी गाळून घेतल्यावर उरते ते निळे पाणी, म्हणजे कॉपर नायट्रेट.

तांबे तीव्र आम्लात विरघळत असताना भांड्यातून तपकिरी वायू उसळतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड होय. तांब्याचा एक अणू नायट्रिक आम्लाचे चार रेणू वापरतो. त्यांपैकी दोन नायट्रेट म्हणून तांब्याशी राहतात आणि दोन या वायूच्या रूपाने निघून जातात. विकत घेतलेल्या आम्लातील निम्मा नायट्रोजन अशा रीतीने हवेत जातो.

निळे स्फटिक तापवले तर

हे निळे पाणी सावकाश आटवले तर निळे स्फटिक मिळतात. त्यांत तांब्याच्या प्रत्येक अणूमागे सामान्यतः पाण्याचे तीन रेणू अडकलेले असतात. तांब्याचे दुसरे निळे मीठ मराठी शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचे आहे. ते म्हणजे मोरचूद, अर्थात कॉपर सल्फेट. तासगावच्या द्राक्षबागांत बुरशीविरुद्ध फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर ते असते. मोरचूद तापवले की त्यातील पाणी निघून जाते आणि पांढरी पूड उरते. पुन्हा पाण्याचा थेंब पडला की ती निळी होते.

नायट्रेटचे तसे होत नाही. त्याचे स्फटिक सुमारे ११४ अंश सेल्सिअसला आपल्याच पाण्यात वितळतात. आणखी तापवले की पाण्याबरोबर नायट्रिक आम्लाची वाफही सुटू लागते, हिरवट रंगाचे आम्लारिधर्मी नायट्रेट तयार होते, पुढे तपकिरी वायू निघतो आणि अखेरीस भांड्यात काळे कॉपर ऑक्साइड शिल्लक राहते. पाणी काढून टाकून निर्जल कॉपर नायट्रेट मिळवण्याचा प्रयत्न या मार्गाने कधीच सफल होत नाही.

याचे कारण तांब्याच्या आयनाच्या ओढीत आहे. हा आयन भोवतीच्या पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजनला आपल्याकडे खेचतो. त्यामुळे त्या रेणूतील हायड्रोजन सैल होतो आणि शेजारच्या नायट्रेटला मिळतो. हायड्रोजन मिळालेले नायट्रेट म्हणजे नायट्रिक आम्लच, आणि ते तापल्यावर उडून जाते. सल्फेटच्या बाबतीत सुटणारे सल्फ्युरिक आम्ल सहजी उडणारे नसल्याने मोरचूद तग धरते. थोडक्यात, पाणी निघून जाताना नायट्रेटलाही बरोबर घेऊन जाते.

नॉटिंगहॅमचा शोध

मग पाणी नसलेले कॉपर नायट्रेट मिळवायचे कसे? उत्तर सोपे होते : पाणी कोठेही येऊ न देता ते तयार करायचे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे क्लिफर्ड ॲडिसन आणि त्यांचे सहकारी बी. जे. हॅथवे यांनी त्यासाठी डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड वापरले. हा द्रव म्हणजे भांड्यातून निघणाऱ्या तपकिरी वायूचेच दुसरे रूप. वायू थंड केला की त्याचे रेणू दोन-दोन मिळून जोड्या करतात, रंग फिका होतो आणि सुमारे २१ अंशांखाली त्याचा द्रव बनतो. अग्निबाणांच्या विकास इंजिनात ऑक्सिडक म्हणून इस्रो हाच द्रव वापरते.

इथिल ॲसिटेटमध्ये मिसळलेल्या या द्रवात धातुरूप तांबे टाकले असता एक जोडसंयुग तयार होते. ते हलके तापवले की जास्तीचे टेट्रॉक्साइड निघून जाते आणि निर्जल कॉपर नायट्रेट हाती येते. ते निर्वात नळीत १५० ते २०० अंशांपर्यंत तापवले तेव्हा ते काळे पडले नाही. ते न वितळता थेट वाफ होऊन वर गेले आणि नळीच्या थंड भागावर निळसर हिरव्या स्फटिकांच्या रूपात जमले. या वाफेच्या दाबाची मोजमापे १९५८ साली प्रसिद्ध झाली. धातूंची नायट्रेटे ही मिठासारखी, आयनांची बनलेली आणि म्हणून न उडणारी असतात, अशी तोवरची सर्वसाधारण समजूत होती. तिला या मोजमापांनी छेद दिला.

ते का उडते

सोडियम नायट्रेटमध्ये धन आणि ऋण आयन चारही बाजूंनी एकमेकांना धरून असतात. त्यांतील एखादी जोडी सुटी होऊन हवेत जाणे अवघड असते. तांब्याच्या जलयुक्त नायट्रेटमध्ये पाण्याचे रेणू तांब्याला बिलगून बसतात, त्यामुळे नायट्रेटची पकड दुबळी राहते.

पाण्याला वाव नसला की चित्र पालटते. नायट्रेटला तीन ऑक्सिजन असतात. त्यांपैकी दोन ऑक्सिजनांनी, जणू दोन्ही हातांनी, ते तांब्याला धरते. या बंधांत सहसंयुज अंश मोठा असतो. तांब्याच्या एका अणूला अशी दोन नायट्रेटे धरून बसली की चार ऑक्सिजनांनी वेढलेला, विद्युतभार नसलेला एक पूर्ण रेणू तयार होतो. १९६३ साली इलेक्ट्रॉन विवर्तनाने या वाफेची तपासणी झाली, तेव्हा तिच्यात असेच सुटे रेणू असल्याचे दिसून आले. अशा रेणूला शेजाऱ्यांशी बांधून ठेवणारी ओढ कमी असते, म्हणून तो उडू शकतो.

संक्रमणी धातूंमध्ये असे बंध करण्याची क्षमता असते, सोडियममध्ये ती नसते. पुढे टायटॅनियमच्या निर्जल नायट्रेटमध्येही हेच दिसले. त्यात चार नायट्रेटे आठ ऑक्सिजनांनी धातूला वेढतात आणि ते तांब्याच्या नायट्रेटपेक्षा पुष्कळ कमी तापमानाला उडते. झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांच्या अशाच नायट्रेटांच्या वाफेपासून संगणकीय चिपसाठी ऑक्साइडचे अतिशय पातळ थर बसवण्याचे प्रयोग झाले. या वाफेत कार्बन किंवा क्लोरीन नसल्याने थरात त्यांची भेसळ होत नाही, हा त्यातील लाभ.

ही संयुगे प्रबळ ऑक्सिडक असून सेंद्रिय पदार्थांशी झपाट्याने अभिक्रिया करू शकतात, म्हणून ती जाणत्या प्रयोगशाळेतच हाताळली जातात. शिवाय ओलावा त्यांचा शत्रू आहे. दोह्यात ऑगस्ट महिन्यात वातानुकूलित घराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर बाष्प धरते. अल अझीझियातल्या अशा हवेत निर्जल कॉपर नायट्रेटची चिमूट उघडी ठेवली, तर ती हवेतील पाणी शोषून चिघळेल. निळे जलयुक्त रूप परत येईल आणि उडण्याचा गुण संपेल.

कारखान्यात उडते ते काय

गलाईच्या भांड्यात पाणी भरपूर असते. तेथे तांबे नायट्रेटच्या वाफेच्या रूपाने उडण्याची शक्यता नसते. ते द्रावणातच राहते. भांड्यातून वर येणारा तपकिरी धूर तांब्याचा नव्हे, आम्लाचा असतो.

त्याचे प्रमाण किती, हे साध्या हिशेबाने कळते. १० ग्रॅम तांबे तीव्र नायट्रिक आम्लात विरघळले तर सुमारे साडेचौदा ग्रॅम नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. खोलीच्या तापमानाला तो पावणेआठ लिटर जागा व्यापतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा बंद खोलीत तो पसरला तर हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे सुमारे २७० भाग होतात. तत्काळ जिवावर बेतू शकणारे प्रमाण म्हणून व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात दीर्घकाळ वापरली गेलेली मर्यादा दशलक्षात २० भागांची आहे.

या वायूचे फसवेपण त्याच्या कमी विद्राव्यतेत आहे. अमोनियासारखा वायू नाका-घशातील ओलाव्यात लगेच विरघळतो, झोंबतो आणि माणसाला दूर पळायला लावतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात तितक्या लवकर विरघळत नाही. तो घशाला थोडीशीच जाणीव देत फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत उतरतो आणि तेथील ओलाव्यात आम्ल बनून इजा करतो. सुरुवातीला थोडा खोकला येतो, मग बरे वाटते, आणि काही तासांनी, कधी एका दिवसानंतरही, फुप्फुसात पाणी साचून श्वास कोंडतो. अमेरिकेत गुरांचा ओला चारा साठवणाऱ्या उंच कोठ्यांत याच वायूने शेतकरी दगावले आहेत. म्हणून तपकिरी धूर छातीत गेलेल्या माणसाने बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि कोणता वायू श्वासात गेला हे स्पष्ट सांगावे.

उपाय रसायनातच आहेत

आम्ल सौम्य करून वापरले तर अभिक्रिया सावकाश चालते, पण तिचा मार्ग बदलतो. तांब्याच्या तीन अणूंना आठ रेणू आम्ल पुरते आणि वायूरूपाने दोनच रेणू बाहेर पडतात. म्हणजे तेवढ्याच तांब्यासाठी आम्ल एक तृतीयांशाने कमी लागते आणि वायूचे रेणू एक तृतीयांशच उरतात. हा वायू नायट्रिक ऑक्साइड असतो आणि हवेत येताच त्याचा तपकिरी डायऑक्साइड बनतो. त्यामुळे धोका घटतो, पण टळत नाही. वरच्या हिशेबातील बंद खोलीत तेव्हाही दशलक्षात सुमारे ९० भाग वायू असेलच.

म्हणून भांडे झाकलेल्या धुराड्याखाली असावे, पंख्याने खेचलेला वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून धुऊन मगच बाहेर सोडावा. धूळ अडवणारा कापडी मुखवटा किंवा तोंडावर बांधलेला रुमाल या वायूला अडवू शकत नाही.

निळ्या पाण्याचाही विचार करावा लागतो. तांबे जलचरांना विषारी आहे, त्यामुळे हे पाणी गटारात सोडणे योग्य नाही. त्यात लोखंडाचे तुकडे टाकले की चांदीला तांब्याने बाहेर काढले तसेच लोखंड तांब्याला बाहेर काढते, आणि लालसर तांबे पुन्हा विकण्याजोगे मिळते. उरलेल्या पाण्यात चुना घातला की आम्लता जाते, विरघळलेले धातू गाळ होऊन खाली बसतात आणि तो गाळ वेगळा काढून घातक कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावता येते.