माल तपासला, पण सही कोणाची?

परदेशातून आलेल्या शेतमालात कीड नाही, असं लिहून द्यायचं कोणी? आजचा भाग या एका सहीवर आहे.

1892 च्या सुमारास मेक्सिकोतून एक भुंगा टेक्सासमध्ये शिरला. कापसाच्या बोंडात अंडी घालणारा. आपली गुलाबी बोंडअळी वेगळी, हा वेगळा. मुंबईच्या गिरण्यांना अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस हवा होता. गाठींमधून भुंगा इकडे आला असता तर? मुदखेड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, पण किडीला सरहद्द कुठे कळते!

इंग्रज सरकारने 1914 मध्ये घातक किडींविरुद्ध कायदा केला. पुढे अमेरिकन कापूस फक्त मुंबई बंदरातून आणि हायड्रोसायनिक वायूची धुरी देऊनच आत येऊ लागला. हा भुंगा आजही भारतात नाही.

आता गंमत बघा. किडा ओळखणार कीटकशास्त्रज्ञ. पण माल अडवायचा अधिकार कायद्याने दिला कस्टमच्या अधिकाऱ्यांना, 1878 च्या सागरी जकात कायद्याला जोडून. म्हणजे ज्ञान एकाकडे, शिक्का दुसऱ्याकडे. वर, प्रामाणिक हेतूने केलेल्या कारवाईबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येत नाही. व्यापाऱ्याचं नुकसान झालं तर? ते त्याचं त्याने बघायचं.

जुनी गोष्ट वाटतेय? मे 2025 मध्ये नवी मुंबईत विकिरण केलेल्या आंब्यांच्या किमान 15 खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या. वाद किडीचा नव्हताच, कागदाचा होता. अमेरिकेने सांगितलं, प्रमाणपत्र चुकीचं दिलं गेलंय. निर्यातदार म्हणाले, अहो, ते तर तुमच्याच अधिकाऱ्याने केंद्रावर दिलं! आंबा परत आणण्याचा खर्च परवडेना, म्हणून तो तिथेच नष्ट केला. नुकसानीचा अंदाज सुमारे 5 लाख डॉलर.

आंतरराष्ट्रीय करार म्हणतो, सही करणारा जाणकारही हवा आणि सरकारने अधिकार दिलेलाही हवा. दोन्ही अटी रास्त आहेत. तपासणी सैल झाली तर शेतकरी बुडतो, हेही खरंच. पण अधिकाऱ्याचीच चूक झाली तर भरपाई कोण देणार?

उद्या मुदखेडची फुलं परदेशी पाठवायची म्हटली तरी असंच प्रमाणपत्र लागेल. म्हणून माल भरण्याआधीच विचारून ठेवा: तपासणार कोण, सही कोणाची, आणि ती तिकडे चालते का? आपली 1914 चा कायदा अजून लागू आहे. 2003 चा आयात-तपासणीचा आदेशही त्याच्याच आधारावर निघालाय.

भेटू पुढच्या भागात!