द्रोणागिरी नेमका कोठला?

सातारकरांना जरंडा बोट करून दाखवावा लागत नाही. शहराच्या पूर्वेस तो ठळक उभा आहे. पुणे-मिरज लोहमार्गावर त्याच्या नावाचे स्टेशनही आहे. माथ्यावर मारुतीचे देऊळ, शनिवारी चढणारी माणसे, आणि सर्वांच्या तोंडी एकच कथा : लक्ष्मणासाठी द्रोणागिरी नेताना हनुमंताच्या हातून एक तुकडा निसटला, तोच हा जरंडा. सांगलीकर मंडळींनी येथे गालात हसू नये. त्यांच्याकडे बह्याला मारुतीने बाहू पसरून कृष्णेचा पूर अडवला आणि त्यावरून गावाला नाव पडले, असे सांगतातच. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात आणि बहे व शिराळा हे दोन सांगलीत आहेत. तेव्हा हनुमंताविषयी बोलण्याचा अधिकार या दोन्ही जिल्ह्यांना सारखाच आहे.

तुकडा इथला, हे घटकाभर मानले, तर मूळ डोंगर कोठला? येथून वादाला सुरुवात होते. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात ७०६६ मीटर उंचीचे दुनागिरी शिखर आहे आणि त्या भागात द्रोणागिरी याच नावाचे गाव आहे. अल्मोड्याकडे द्वाराहाटजवळ दुसरे दुनागिरी आहे. निसटलेल्या तुकड्यांचे हक्कदार तर आणखी पुष्कळ. उरणचा द्रोणागिरी, तमिळनाडूतील सिरुमलै, श्रीलंकेत गालजवळची रुमस्सला टेकडी. प्रत्येक ठिकाणी वाटेत पडलेल्या तुकड्याचीच कथा.

मग वाल्मीकींनाच विचारावे असे कोणी म्हणेल. आम्ही युद्धकांड उघडले, तर घोटाळा अधिकच वाढला. नागपाशाच्या प्रसंगी, पन्नासाव्या सर्गात, सुषेण सांगतो की त्या वनस्पती चंद्र आणि द्रोण या पर्वतांवर आहेत. पण हे पर्वत क्षीरसागरात! तेथे कोणी जाण्यापूर्वीच गरुड येतो, म्हणून तो प्रश्न तेवढ्यावर राहतो. पुढे चौऱ्याहत्तराव्या सर्गात जांबवान हनुमंताला हिमालयात पाठवतो. ऋषभ आणि कैलास या शिखरांच्या मध्ये औषधिपर्वत आहे आणि त्यावर मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी व संधानकरणी या चार वनस्पती आहेत, असा पत्ता तो देतो. म्हणजे द्रोण हे नाव एका ठिकाणचे आणि हिमालयाचा पत्ता दुसऱ्या ठिकाणचा. लोककथेने दोहोंची गाठ मारून दिली. आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. याच सर्गाच्या शेवटी हनुमंत तो पर्वत हिमालयात परत नेऊन ठेवतो!

दगडाची साक्ष काढली तर ती सरळ आहे. जरंड्याचा काळा पाषाण अजिंक्यताऱ्याचा, यवतेश्वरचा तोच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. हिमालयाच्या त्या शिखरांचा दगड वेगळ्याच कुळीचा आहे. एवढ्याने भाविकाचे समाधान होणार नाही, आणि त्याने ते करून घ्यावे असा आमचा आग्रहही नाही. मात्र दगडाने काय सांगितले ते लपवणे हे व्याख्यात्याला शोभत नाही.

अशी अडचण आपलीच आहे असे नाही. मोशेला ज्या पर्वतावर दहा आज्ञा मिळाल्या, त्याला बायबलात कोठे सिनाय तर कोठे होरेब म्हटले आहे. इजिप्तमधील जबल मूसाच्या पायथ्याशी सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने मठ बांधला आणि यात्रेकरूंच्या दृष्टीने प्रश्न सुटला. अभ्यासकांच्या दृष्टीने तो सुटला नाही. एमॅन्युएल अनाती यांनी नेगेव वाळवंटातील हर कर्कोम पुढे केला. काही जण सौदी अरेबियातील जबल अल-लौजकडे बोट दाखवतात. वाळवंटात भटकणारे लोक मागे फार खुणा ठेवत नाहीत. मठ मात्र ठेवतो. म्हणून बांधकाम ही पुष्कळदा श्रद्धा किती जुनी याची साक्ष असते. घटना तेथेच घडली याची नव्हे. जरंड्याच्या देवळाविषयीही आम्ही यापलीकडे म्हणणार नाही.

हा वाद केवळ पोथ्यांपुरता राहत नाही, म्हणून तो येथे काढला. हनुमंताचा जन्म अंजनेरीचा की किष्किंधेचा, यावर मे २०२२ मध्ये नाशकात भरलेल्या सभेत साधूंचीच हमरीतुमरी झाली. त्याच्या आदल्या वर्षी तिरुपतीच्या देवस्थानाने आपला हक्क जाहीर केला होता. उत्तराखंड सरकारने २०१६ मध्ये संजीवनीच्या शोधासाठी २५ कोटी रुपयांची घोषणा केली. स्थळ ठरले की त्यामागोमाग रस्ता, निधी, यात्रा आणि मान येतो, आणि हरलेल्या गावाला ते डाचत राहते.

जरंड्याचा दावा त्या मानाने नम्र आहे. तो तुकडाच म्हणवतो, त्यामुळे त्याचे कोणाशी भांडण नाही. चमोलीतल्या द्रोणागिरी गावाचे मात्र थेट हनुमंताशीच भांडण आहे. आपला पर्वत देव मानणारे ते लोक, तो तोडून नेला म्हणून हनुमंताची पूजा करीत नाहीत. वाल्मीकींचा हनुमंत पर्वत परत ठेवून गेला, हे त्यांना कोणी सांगितले असेल की नाही कोण जाणे; सांगितले तरी ते मानतील असे आम्हांस वाटत नाही.