रक्ताचा थेंब आणि शार्कचं नाक

‘समुद्रात रक्ताचा एक थेंब पडू दे, मैलभरावरचा शार्क धावत येतो!’ मुलांच्या पुस्तकांपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत हे वाक्य इतकं बिनधास्त फिरतं, की त्याचा साधा हिशेब कुणी मांडत नाही.

तो मांडू. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातल्या मेरेडिथ आणि काजिउरा यांनी २०१० साली शार्क-पाकटांच्या पाच जातींची घ्राणशक्ती मोजली. अमिनो आम्लांचा वास त्यांना इतर माशांइतपतच येतो, असं निघालं. ढोबळमानाने अब्जात एक भाग धरा. म्हणजे एका थेंबाला पाच टँकर पाणी. घन किलोमीटरभर समुद्रात असतं एक लाख कोटी लिटर! शिवाय वासाचे कण नाकापर्यंत पोचायला हवेत, आणि ते नेणार प्रवाह. प्रवाह उलटा असला तर जवळच्या शार्कलाही पत्ता लागायचा नाही.

मग नाकाचं कौतुक कशाचं? बाजारात मोरी किंवा मुशी, म्हणजे छोटा शार्कच, दिसली तर उलटी करून बघा. मुस्कटाखाली पाळीने दुभागलेल्या दोन फटी दिसतील. पाणी एकीकडून आत शिरतं, घड्यांवरून फिरून दुसरीकडून बाहेर पडतं. घशाशी संबंध नाही, श्वास कल्ल्यांचा. वास कुठल्या नाकपुडीत आधी आला, यातला अर्ध्या सेकंदाहून कमी फरक ओळखून शार्क त्या बाजूला वळतो, हे गार्डिनर आणि अटेमा यांनी त्याच वर्षी दाखवलं. खरी करामत ही आहे. पण सगळी भिस्त नाकावर नसते. मुस्कटावरची बारीक छिद्रं दाबलीत तर जेलीसारखा द्रव येईल. भक्ष्याच्या शरीरातली क्षीण वीज त्यांना जवळून कळते. मोठा पांढरा शार्क सीलवर खालून झेप घेतो ती मुख्यतः डोळ्यांच्या भरवशावर.

बाकीचे गैरसमज झटपट. पोहणं थांबलं की शार्क मरतो? नर्स शार्क तळाशी खुशाल पडून राहतो. गोड्या पाण्यात येत नाही? बुल शार्क अ‍ॅमेझॉनमधून पेरूतल्या इकितोसपर्यंत गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे शार्क नाहीत? हे मोरीचं कालवण ओरपत सांगणारे भेटतात, तेव्हा काय बोलावं!

आणि शार्कला कॅन्सर होत नाही, हा शार्कच्या कूर्चेच्या कॅप्सूल खपवणारा धंदेवाईक गैरसमज. त्यांच्यात गाठी सापडल्याच्या नोंदी शंभर वर्षांहून जुन्या आहेत. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३७९ रुग्णांवर शार्कच्या कूर्चेच्या अर्काची चाचणी झाली; त्याने आयुष्य वाढलं नाही, हा निष्कर्ष २००७ साली जाहीर झाला. त्या कॅप्सूलांवर पैसे घालवू नका.