वाढीचं दुखणं आणि गुडघ्याखालचं टेंगूळ

आपल्या देवपुरात कबड्डी, खो-खो खेळणारी शाळकरी पोरं कमी नाहीत. त्यातलाच एक माझा तेरा वर्षांचा चुलतभाऊ. त्याच्या गुडघ्याखाली टेंगूळ आलंय, पळताना दुखतं. पण टीममधून काढतील म्हणून तो सरांना सांगत नाही. आजी म्हणते, "वाढीचं वय आहे, दुखणारच!"

आजीचं अर्धं बरोबर आहे. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. वाढत्या वयात ती जागा पूर्ण हाडाची नसते, कूर्चेची असते. उड्या आणि स्प्रिंटमध्ये तिथे सारखा ताण बसतो, मग ती सुजते. सिव्हिलवाल्यांच्या भाषेत, क्युरिंग व्हायच्या आधीच लोड! ऑसगुड आणि श्लाटर या डॉक्टरांनी १९०३ मध्ये याचं वेगवेगळं वर्णन केलं, म्हणून नाव ऑसगुड-श्लाटर.

मग खेळ बंद? सहसा गरज नसते. उड्या, पळणं, गुडघ्यावर बसणं कमी करायचं. खेळल्यावर कापडात गुंडाळून बर्फ लावायचा, मांडीचं हलकं स्ट्रेचिंग करायचं. हाडाची वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं दुखणं थांबतं. टेंगूळ मात्र राहू शकतं.

पण प्रत्येक दुखणं वाढीचं नसतं. ताप, लंगडणं, आराम करूनही न थांबणारं किंवा रात्री एकाच पायात होणारं दुखणं असेल, तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि सरांनो, दुखतं म्हणणाऱ्या पोराला घाबरट म्हणू नका. नाहीतर तो सांगणारच नाही.