रामोना: कादंबरी, मूकपट, पॅजंट

मूळ कथा: हेलन हंट जॅक्सन यांची १८८४ ची कादंबरी, दक्षिण कॅलिफोर्नियात घडणारी. रामोना अर्धी स्कॉटिश, अर्धी मूलनिवासी. ती मेक्सिकन जमीनदाराच्या घरात वाढते, पण जन्माने मेक्सिकन नाही. हा फरक अनेकदा पुसला जातो.

पडद्यावर: १९१० मध्ये दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा मूकपट. नायिका मेरी पिकफर्ड. १९२८ च्या मूकपटात ती भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या दोलोरेस देल रिओ यांच्याकडे आली.

त्याच काळच्या पडद्यावर मेक्सिकनांची बदनामीही होत असे. ‘ग्रीझर’ ही मेक्सिकन माणसाला उद्देशून असलेली शिवी. तरी ती सर्रास चित्रपटांच्या नावात असे, उदा. ग्रिफिथ यांचाच ‘द ग्रीझर्स गाँटलेट’ (१९०८). १९२२ मध्ये मेक्सिको सरकारने मेक्सिकनांची बदनामी करणाऱ्या कंपन्यांच्या चित्रपटांवर बंदी घातली.

पॅजंट म्हणजे? परिसराचा इतिहास किंवा दंतकथा उघड्यावर, गावकऱ्यांच्या मोठ्या ताफ्यासह सादर करणारे नाट्य. दक्षिण कॅलिफोर्नियातील हेमेट गावात ‘रामोना’चे पॅजंट १९२३ पासून होते. डोंगरउतार हाच रंगमंच, शेकडो स्थानिक कलाकार, शिवाय घोडे.

चिकानो रंगभूमी: ही मात्र मेक्सिकन-अमेरिकनांनी स्वतः उभी केलेली. नाटककार लुईस वाल्देझ यांनी १९६५ च्या द्राक्षमळ्यांतील संपात ‘एल तेआत्रो काम्पेसिनो’ ही नाट्यसंस्था सुरू केली. नट शेतमजूर, रंगमंच ट्रकचा. वाल्देझ यांचे ‘झूट सूट’ हे नाटक १९७९ मध्ये ब्रॉडवेवर पोहोचले.